कुजलेली फळी



आज दुसऱ्या मिस्सानंतर आपण सर्वजण मिरवणुकीने खाडीवर जाणार आहोत. बंदराच्या धक्क्यापासून वाळवणापर्यंत खाडीच्या कडेकडेने जी फळ्यांची वाट होती ती आता राहिलेली नाही. तिच्या जागी काळ्या दगडाची पाखाडी बांधून झाली आहे. लोकांची वर्गणी, तरुणांचे श्रमदान आणि थोडीफार सरकारी मदत असे मिळून हे काम पुरे झाले. परमेश्वराचा आशीर्वाद मागून ती वाट आज आपण पायाखाली घेणार आहोत. आनंदाचा दिवस आहे. बँडही बोलावला आहे. पण आशीर्वादाची प्रार्थना म्हणण्याआधी एक गोष्ट मोकळेपणाने बोलून टाकावी असे आम्हाला वाटते. ती गोष्ट एका फळीची आहे.

नव्या पिढीसाठी थोडे मागचे सांगतो. ती वाट कोणा कंत्राटदाराने बांधलेली नव्हती. चिखलात ताडाचे खांब रोवलेले, त्यांवर आडव्या वाशांची बांधणी, आणि वर जुन्या मोडीत निघालेल्या होड्यांच्या फळ्या. जेमतेम दोनशे पावलांची वाट. डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीला कड धरून उभे राहावे लागे, आणि तेवढ्यात चार गोष्टी बोलून होत. होड्या किनाऱ्याला ओढल्या की मिरगाच्या आधी एक दिवस ठरलेला असे. प्रत्येक घराने एक फळी तरी द्यायची नाहीतर एक माणूस तरी. गंजलेले खिळे काढायचे, सडलेले बदलायचे, तेल पाजायचे. दुपारी तिथेच भाकरी आणि बोंबलाची चटणी. हा दिवस कधी बंद पडला ते नक्की कोणालाच सांगता येत नाही. मुले मुंबईला नोकरीला जाऊ लागली, कोणी जहाजावर गेले, कोणी आखातात. एका वर्षी पाऊस लवकर आला, एका वर्षी लग्ने फार होती. मग तो दिवस आपल्या आठवणीतूनच गेला.

आणि मग ती फळी. दुसऱ्या वळणावरची, वाळवणाकडून येताना डाव्या हाताला. आपल्यापैकी प्रत्येकाला ती ठाऊक होती. पाय ठेवला की कुरकुरायची आणि थोडी खाली दबायची. शाळेतली मुले तिच्यावरून उडी मारत, तो त्यांचा खेळच होता. बायका तिथे आल्या की न पाहता एक लांब टांग टाकीत. घरी पाहुणे आले तर आपण म्हणत असू, इथे जरा जपून. आम्हीही काही वेगळे नव्हतो. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन घेऊन जाताना आम्ही त्याच वाटेने जात होतो, आणि प्रभूला छातीशी धरून आम्हीही त्या फळीवरून लांब टांग टाकली आहे. एकदा नव्हे, कित्येक वर्षे.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा त्या वाटेच्या बऱ्याच फळ्या उडाल्या. चांगल्या चांगल्या गेल्या, पण ही राहिली. गेलेल्या फळ्या कशाबशा बसवल्या. हिला कोणी हात लावला नाही, कारण ती जागेवर होती. आम्हाला आठवते, त्या वेळी कोणीतरी हसून म्हणाले होते, एवढ्या वादळात टिकली म्हणजे आपल्याआधी काही ती जात नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका पहाटे ती गेली. वर एक मावशी होत्या. त्या आपल्या पाड्यावरच्या नव्हत्या, आपल्या धर्मग्रामातल्याही नव्हत्या. मासळी घ्यायला पहिल्यांदाच आपल्या बंदरावर आल्या होत्या. कपाळावर कुंकू, डोक्यावर रिकामी पाटी. त्यांना लांब टांग टाकायला कोणी शिकवले नव्हते. फळी मोडली आणि त्या कमरेपर्यंत खाली गेल्या. मांडीचे हाड मोडले. भरती चढत होती. देवाची कृपा म्हणून जाळी आवरणाऱ्या दोन मुलांनी हाक ऐकली आणि त्यांना वर काढले. चार महिने त्या घरात पडून होत्या. धंदा बंद. आज त्या काठी घेऊन चालतात.

आम्ही त्यांना पाहायला गेलो होतो. त्यांनी चहा दिला. रागावल्या नाहीत. एवढेच विचारले, "फादर, ती फळी अशी आहे हे कोणालाच माहीत नव्हतं का?" आम्ही काय उत्तर दिले ते इथे लिहीत नाही. खरे उत्तर दिले नाही, एवढे कबूल करतो.

आजच्या विधीसाठी आम्ही संत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाचा शेवट निवडला आहे. दोन माणसे घर बांधतात, एक खडकावर, एक वाळूवर. पाऊस येतो, पूर येतो, वारा सुटतो. एक घर उभे राहते, दुसरे कोसळते. दगडी पाखाडीच्या दिवशी हे वाचन घेतले म्हणजे फादर आता लाकडाला वाळू आणि दगडाला खडक म्हणणार, असे तुम्हाला वाटले असेल. आम्हीही पहिल्यांदा तसेच लिहायला बसलो होतो. पण तो उतारा पुन्हा सावकाश वाचून पाहा. प्रभू येशू म्हणतो की ज्याने माझे शब्द ऐकले आणि तसे केले तो शहाणा, आणि ज्याने ऐकले पण केले नाही तो मूर्ख. ऐकले दोघांनीही. वाळूवर बांधणारा माणूस बहिरा नव्हता. तो कदाचित दर रविवारी पुढच्या बाकावर बसत असेल. त्याच्या आणि दुसऱ्याच्या ऐकण्यात काडीचाही फरक नव्हता. फरक होता तो ऐकल्यानंतर हात हलवण्यात.

ती फळी कित्येक वर्षे कुरकुरत होती, बंधुभगिनींनो. तिची कुरकुर आपण सर्वांनी ऐकली. एवढ्या मोठ्या पाड्यात ती न ऐकलेली एकच व्यक्ती होती, आणि तिचाच पाय मोडला.

जुन्या करारात याबद्दल स्पष्ट कायदा आहे. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात म्हटले आहे की कोणी खड्डा उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यायची. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला सांगितले आहे की गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडले तर ते रक्त तुझ्या घरावर येईल. देवाने सिनाय पर्वतावर मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या, आणि त्यांच्याच मागोमाग खड्ड्याचे झाकण आणि गच्चीचा कठडाही सांगितला. पापनिवेदनाला येताना आपण राग, लोभ, खोटे बोलणे हे सर्व आठवून येतो. आजवर कोणीही आमच्यापाशी फळीचे पाप सांगितलेले नाही. आम्हीही कोणापाशी सांगितले नव्हते.

आता थोडे दूरचे सांगतो. आपल्या पाड्यावरचा एक मुलगा प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात कामाला आहे. नाताळात तो सुटीवर आला तेव्हा पाखाडीचे दगड नुकतेच येऊन पडले होते. तो म्हणाला, "फादर, मी व्हेनिसला पाहिलंय, तिथे पाण्याच्या कडेच्या सगळ्या वाटा दगडी आहेत, पण दगडाखाली लाकूड आहे." आम्हाला ते खरे वाटेना. मग थोडे वाचून पाहिले. मुलाचे खरे होते.

व्हेनिस शहराखाली खडक नाही. खाजणासारखा चिखल, त्यावर बेटे. तिथल्या लोकांनी त्या चिखलात लाकडाचे खांब अगदी दाटीने ठोकले, त्यांवर जाड फळ्यांचा तराफा मांडला, आणि त्या तराफ्यावर इस्त्रियाचा पांढरा दगड रचला. तिथे पाण्याकाठी फिरण्याची एक लांब दगडी वाट आहे, तिचे नावच झात्तेरे, म्हणजे तराफे. डोंगरातून नदीवाटे तराफे बांधून आणलेले लाकूड तिथे उतरत असे. त्याच वाटेवर पवित्र जपमाळेच्या मातेचे १८व्या शतकातले मंदिर आहे. १६३० च्या महामारीनंतर नवसाने बांधलेल्या आरोग्यमातेच्या मंदिराखाली तर दहा लाखांहून जास्त खांब आहेत असे सांगतात. ते खांब हातांनी ठोकत, आणि ठोकणारे ताल धरायला गाणे म्हणत, आपली माणसे होडी ओढताना म्हणतात तसे. पूर्ण चिखलात बुडालेल्या लाकडाला हवा लागत नाही म्हणून ते सहजी कुजत नाही. अलीकडच्या अभ्यासात असेही दिसले आहे की जीवाणू तिथेही ते हळूहळू खातात, पण भोवतीचा चिखल आणि पाणी त्या लाकडाला धरून ठेवतात. लाकूड लवकर जाते ते भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात, जिथे ते रोज भिजते आणि रोज वाळते. आपले ताडाचे खांबही बरोबर तिथेच गेले होते.

त्या शहरातल्या रिआल्टो पुलाची कथा आपल्या वाटेच्या कथेची मोठी बहीण शोभेल. मोठ्या कालव्यावर तो पूर्वी लाकडी होता. १३१० मध्ये एका बंडाच्या वेळी जळाला. १४४४ मध्ये लग्नाची नावांची मिरवणूक पाहायला एवढी गर्दी लोटली की तो माणसांसकट कोसळला. पुन्हा लाकडीच बांधला. कार्पाच्चिओ नावाच्या चित्रकाराने १५व्या शतकाच्या शेवटी तो पूल रंगवून ठेवला आहे. चित्राचा विषय मात्र पूल नव्हे. ख्रिस्ताच्या पवित्र क्रूसाच्या लाकडाच्या अवशेषाने एक पिशाच्चग्रस्त माणूस बरा होत आहे, असा तो प्रसंग आहे. चित्रात एका बाजूला तारणाऱ्या लाकडाचा अवशेष, मध्यभागी लाकडाचा पूल, त्यावरून जाणारी माणसे आपल्या कामात. पूल दगडाचा करावा असा विचार १५०३ मध्ये मांडला गेला. तरी काही झाले नाही. १५२४ मध्ये तो पुन्हा कोसळला. तरीही काही झाले नाही. नामांकित शिल्पज्ञांनी आराखडे दिले. बांधकाम सुरू झाले ते १५८८ साली आणि पुरे झाले १५९१ साली. पहिल्या विचारापासून कामापर्यंत ८५ वर्षे. एवढे श्रीमंत शहर, आरमार, बँका, सर्व काही, आणि चार पिढ्या लांब टांग टाकत चालल्या. हे वाचून आम्हाला थोडे बरे वाटले हे कबूल करतो, पण बरे वाटणे योग्य नव्हते.

ज्याने तो बांधला त्याचे नाव आंतोनिओ दा पोंते. आपल्याकडे पोर्तुगीज आडनावांची सवय असलेल्यांना पोंते म्हणजे पूल हे सांगायला नको. एका मोठ्या शिल्पज्ञाने भविष्य केले होते की हा पूल कोसळणार. तो अजून उभा आहे, आणि त्याच्याखाली सुमारे १२ हजार लाकडी खांब आहेत असे सांगतात. पुलाच्या एका अंगावर देवदूताचा मरियेला संदेश कोरला आहे: एका टोकाला गाब्रिएल, दुसऱ्या टोकाला पवित्र मरिया, मध्ये पवित्र आत्म्याचे कबूतर. शहराचा जन्म २५ मार्चला, त्या संदेशाच्या सणाला झाला अशी तिथली परंपरा आहे. मरियेनेही देवाचा शब्द ऐकला. आणि तिने होकार देऊन लगेच डोंगराळ प्रदेशातली वाट धरली, कारण तिकडे एका वयस्कर नातेवाईक बाईला दिवस गेले होते.

मुलाने आणखी एक गंमत सांगितली. समुद्राचे पाणी फार चढले की व्हेनिसच्या त्या दगडी वाटा पाण्याखाली जातात. मग तिथले लोक काय करतात? लाकडी फळ्यांचे उंच मार्ग आणून दगडावर मांडतात आणि त्यांवरून चालतात. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी लोखंडी दरवाजे उभे करून मोठी भरती अडवता येते, पण त्या फळ्या त्यांनी टाकून दिलेल्या नाहीत.

शलमोन राजाने मंदिर बांधले तेव्हा लबानोनचे लाकूड समुद्रातून तराफ्यांनी आणले होते. १ राजेच्या सहाव्या अध्यायात लिहिले आहे की आतून सर्व भिंतींना गंधसरूच्या फळ्या लावल्या होत्या, इतक्या की दगड कुठे दिसतच नव्हता. तिथे लाकडाने दगड झाकला होता. व्हेनिसमध्ये दगडाने लाकूड झाकले आहे. आणि नासरेथच्या ज्या कारागिराचा पुत्र म्हणून येशूला लोक ओळखत, त्याच्या धंद्याला शुभवर्तमानात जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ लाकूडकाम करणारा असा होतो तसा बांधकाम करणारा असाही होतो. म्हणून आमच्या मनातून ही लाकूड की दगड ही चर्चा आता गेली आहे. ज्यांना जुनी वाट आवडत होती त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. ज्यांना दगड हवा होता त्यांनी आपण जिंकलो असे समजू नये.

चर्चेवरून आठवले. पाखाडीच्या बैठका किती तापल्या हे तुम्हाला माहीत आहे. त्यात एका वयस्कर नाखव्याचे म्हणणे आम्ही सुरुवातीला नीट ऐकले नाही, याची आज जाहीर माफी मागतो. ते सारखे सांगत होते, "फळ्यांची वाट पायांवर उभी होती, पाणी खालून जात होतं. तुम्ही भिंत घालाल, पाणी अडेल, गाळ भरेल, दोन वर्षांत होडी लागायची नाही." आम्हाला वाटले, म्हाताऱ्या माणसाला बदल नको आहे. नंतर भरतीच्या वेळी त्यांनी आम्हाला उभे करून पाण्याची ओढ दाखवली. तेव्हा आराखडा बदलला आणि पाखाडीखाली पाच मोऱ्या ठेवल्या. खर्च वाढला, काम दीड महिना लांबले, त्यावरूनही कुरकुर झाली. पण वळणावरच्या तिवरांपर्यंत पाणी अजून जाते, आणि होड्याही लागत आहेत.

आणि आता आम्हाला ज्याची खरी काळजी आहे ते सांगतो. लाकूड कुरकुरते. दगड कुरकुरत नाही. फळी आपल्याला वर्षानुवर्षे सूचना देत होती. दगडाच्या सांध्यातला माल खाऱ्या पाण्याने सुटेल, पावसाळ्यात शेवाळ धरेल, मोऱ्यांत प्लास्टिक आणि फाटकी जाळी अडकेल, आणि यातले काहीही आवाज करणार नाही. रिआल्टोच्या दगडी पुलाचीही अलीकडे, २०१४ ते २०१६ या काळात, मोठी दुरुस्ती करावी लागली. तेव्हा मिरगाच्या आधीचा तो जुना दिवस पुन्हा सुरू करायचा असे धर्मग्राम मंडळाने ठरवले आहे. प्रत्येक वाडीची पाळी लावलेली यादी चर्चच्या दरवाज्याशी आहे. यादीत पहिले नाव आमचे आहे. शेवाळ खरवडायला आम्हाला जमते का ते त्या दिवशी कळेल. भाकरी आणि बोंबलाच्या चटणीचे कोण पाहणार हे अजून ठरलेले नाही.

त्या फळीचे काय करायचे यावरही सूचना आल्या. तिचा क्रूस करून पाखाडीच्या टोकाला लावावा असे काहींनी सुचवले. भावना चांगली होती, पण आम्हाला पटले नाही. आपल्या दुर्लक्षाने मोडलेल्या वस्तूचा इतक्या लवकर क्रूस करून टाकला तर आपण तिच्यापुढे मेणबत्ती लावू आणि मोकळे होऊ. तूर्त तिचे दोन तुकडे चर्चच्या पडवीत ठेवले आहेत. मिरवणूक निघण्याआधी एकदा पाहून घ्या. वरून पाहिली तर धड दिसते. मग उलटी करा. समुद्रातला तो लाकूडखाऊ जीव, ज्याला आपण किडा म्हणतो पण जो शिंपल्याच्याच जातीचा असतो, त्याने खालून बोटाएवढ्या भोकांची चाळण करून ठेवली आहे. मुलांना हात लावू द्या.

मावशींना आजच्या कार्यक्रमाचे आमंत्रण आहे. वर्गणीतून त्यांच्या बुडलेल्या धंद्याची काही भरपाई आपण दिली. ती उशिरा दिली आणि पुरेशी आहे असेही आम्ही म्हणणार नाही. रिबीन त्यांनीच कापावी असे मंडळाला वाटत होते. आम्ही विचारायला गेलो, आणि या वेळी त्यांच्या त्या जुन्या प्रश्नाचे खरे उत्तर आधी दिले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "येईन मी. पण रिबीन वगैरे नको. ओहोटीला बोलवा, मला त्या मोऱ्या बघायच्या आहेत."

म्हणून मिरवणूक थोडी उशिरा ठेवली आहे. ओहोटी साडेअकराच्या सुमारास आहे. दुसरा मिस्सा नेहमीच्या वेळी सुरू होईल. बँडवाल्यांना चहा सभागृहात. येताना प्रत्येक घराने एक तरी छत्री आणावी, ऊन फार आहे, आणि मावशींसाठी वळणावर एक खुर्ची कोणीतरी आठवणीने न्यावी.